हवालदार गायधनींचा अभिप्राय

वाल्मीक गायधनींना ऐकू येत नाही, ही गोष्ट नाशिकच्या अख्ख्या जेलरोडला माहीत होती. गायधनींनाही माहीत होती, पण कबूल कोण करणार? चोवीस वर्षं तोफखान्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. तो काय दारावरच्या भाजीवाल्याला "काय म्हणालास? परत सांग" असं विचारणार? छट्! भाजीवाला काहीतरी बोलायचा, हवालदार मान डोलावून म्हणायचे, "बरोबर. अगदी बरोबर." आणि घरात अर्ध्या किलोच्या जागी दोन किलो भेंडी यायची. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई कपाळाला हात लावायच्या आणि चार दिवस भेंडीच करायच्या.

लष्कराच्या दवाखान्यातून मिळालेलं कानातलं मशीन कपाटात पडून होतं, पदकांच्या डब्याशेजारी. "कुंईकुंई करतं नुसतं," असं ते सांगायचे. खरं कारण वेगळंच होतं. मशीन दिसलं की लोक सावकाश आणि मोठ्यांदा बोलायला लागतात, हातवारे करतात, आणि या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की ते पाय जमिनीवर टेकवून बसायचे आणि म्हणायचे, "हा बघ हादरा. मला पायातून कळतं. कान कशाला पाहिजेत?"

बरं, ऐकू येत नाही तर गप्प बसावं की नाही? तेही नाही. रस्त्यातल्या गतिरोधकांपासून शेजारच्या लग्नातल्या जिलबीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर हवालदारांचं मत तयार असायचं. लोक विचारायचेही. फौजेतला माणूस, खोटं बोलणार नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तो खराही होता. आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून एक खोटं सांगितलेलं नाही. पण न जाणता जे सांगितलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये 'पोस्ट नंबर ग्यारह' नावाचा हिंदी युद्धपट आला. नव्याण्णव सालच्या लढाईचा. जाहिरातीत बर्फाचे डोंगर, तोफा आणि खाली 'सत्य घटनेवर आधारित'. हवालदारांनी जाहिरातीतला डोंगराचा सुळका बघितला आणि खुर्चीतून उठलेच. तो त्यांचा सुळका होता. तिथंच त्यांची तोफ होती, आणि तिथंच पुंजा गेला होता.

पुंजा हरसूलकडचा. आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा गडी. भरतीपासून दोघं बरोबर. त्या रात्री शत्रूचे गोळे थेट तोफेच्या आजूबाजूला पडायला लागले. वरच्या पोस्टवरची पायदळाची पोरं वायरलेसवर मारा मागत होती आणि तोफेपाशी गोळे संपले. दारूगोळ्याचा खड्डा मागं तीसेक पावलांवर. एक गोळा पंचेचाळीस किलोच्या आसपास, तो दोघांनी मिळून आणायचा. पण दुसरा माणूस जखमी होऊन पडला होता. कुणी हुकूम दिला नाही, काही नाही. पुंजा उठला, पळत गेला आणि एकटा खांद्यावर गोळा घालून आला. असा तीन वेळा आला. चौथ्या खेपेला येताना, तोफ आठ पावलांवर असताना, पडला. वाल्मीकनं त्याला उचललं तेव्हा त्याचं तोंड तोफेकडे होतं आणि गोळा अंगाखाली. तो गोळाही तोफेत घातला आणि उडवला. त्या रात्री वाल्मीकचे कान गेले, ते गेलेच.

लढाई संपल्यावर तो हरसूलला गेला. पुंजाची बायको भागीबाई तेव्हा विशीतली. तिनं काही विचारलं नाही, यानं काही सांगितलं नाही. "लढताना गेला" एवढंच. ही फौजेतल्या माणसांची खोड. शौर्याचं वर्णन करायला लाजतात. त्या दिवाळीला भागीबाईनं भाऊबीजेला बोलावलं, आणि तेव्हापासून पंचवीस वर्षं हवालदार दर भाऊबीजेला हरसूलला जात आले. येताना पिशवीभर नागली, म्हणजे नाचणी, आणि नवा तांदूळ.

तर पिक्चर. पहिल्याच आठवड्यात नाशिकरोडच्या थेटरात आठ निवृत्त तोफखानेवाले एका रांगेत जाऊन बसले. आठ माणसं, सोळा कान, आणि त्यातले धड असतील दोन. तेही इगतपुरीच्या सावळीरामचे, आणि सावळीराम मध्यंतराआधीच झोपला. बाकीचे सात जण डोळे फाडून बघत होते. तोफ दिसली की एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणीही शेजाऱ्याला "काय म्हणाला रे?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांचंच पितळ उघडं पडलं असतं ना!

मग ते दृश्य आलं. रात्र, बर्फ, फुटणारे गोळे. एक गनर तोफेपासून उठतो आणि मागं पळत सुटतो. हवालदार पुढं सरकून बसले. पुंजा! तसाच बांधा, तशीच खाली घातलेली मान. खड्ड्याकडे निघालाय. पडद्यावर स्फोट झाला आणि तो गनर पडला. जातानाच पडला, येताना नाही. एवढं तरी खटकायला हवं होतं की नाही? खटकलंही क्षणभर. पण पिक्चरवाल्यांना वेळ कमी असतो, असं म्हणून त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. तोवर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पंचवीस वर्षांनी का होईना, पुंजाला कुणीतरी पडद्यावर आणलं होतं.

बाहेर मोबाईलवर टाकायला प्रेक्षकांचे व्हिडिओ घेत एक मुलगी उभी होती. छातीवरची पदकं बघून तिनं माईक पुढं धरला आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते हवालदारांना कळलं नाही, पण पिक्चरबद्दलच असणार. ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगदी असंच झालं होतं. मी तिथं होतो. मी हवालदार वाल्मीक गायधनी. एक शब्द खोटा नाही!"

त्याच संध्याकाळी त्यांनी हरसूलला निरोप धाडला. पुंजाला दाखवलंय, सगळ्यांनी बघाच. भागीबाई आणि तिच्या वाडीतली माणसं दोन जीपगाड्या करून नाशिकला आली, पिक्चर बघितला आणि परत गेली. कुणाचा फोन आला नाही. दिवाळीला निरोप आला, भाऊबीजेला येऊ नका, गावात दुखवटा आहे. तांदूळ आला नाही, नागली आली नाही.

हवालदारांचं डोकं फिरलं. "कसला दुखवटा? पंचवीस वर्षं पाळलेलं नातं! पिक्चरमध्ये नाव झालं की माणसं विसरतात. मोठी झाली आता भागीबाई!" महिनाभर घरात हेच पालुपद. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, फोन करून विचारा तरी. पण फोनवर तर अजिबातच ऐकू येत नाही. म्हणून ते म्हणाले, "मी का करू? मी काय गुन्हा केलाय?"

सव्वीस जानेवारीचा मुहूर्त साधून पिक्चर इंटरनेटवरून घरोघरच्या टीव्हीवर आला. त्याच्या जाहिरातीत कोण? आमचे हवालदार! 'प्रेक्षक काय म्हणतात' असं लिहिलेलं, आणि खाली पदकं लावलेला म्हातारा छाती पुढं काढून बोलतोय. फोनवर फोन. वाण्यानं साखरेच्या पुडीचे पैसे घेतले नाहीत. त्यांची मुलगी साक्षी पुण्याहून सुट्टीला आली होती. तिनंही बघितला नव्हता, म्हणून जेवणं आटोपल्यावर सगळे टीव्हीसमोर बसले. साक्षीनं नेहमीप्रमाणे न विचारता खाली अक्षरं लावली. ती घरी असली की हे करायची, आणि हवालदार त्याकडे आपलं लक्षच नाही असं दाखवत सगळी वाचायचे. फौजेत हिंदी पक्कं झालेलं, अडचण नव्हती.

ते दृश्य आलं. गनर उठला. खाली अक्षरं उमटली. "मुझे नहीं मरना, साहब! मैं जा रहा हूँ!"

हवालदारांना वाटलं, वाचण्यात चूक झाली. तेवढ्यात पडद्यावरचा गोरागोमटा कॅप्टन ओरडला आणि खाली आलं, "रुक जा, पुनाजी! बुज़दिल! नाशिक की मिट्टी को शर्मिंदा कर दिया तूने!" स्फोट झाला. पुनाजी पडला, पाठीत घाव लागून. मग कॅप्टननं एकट्यानं तोफ भरली, एकट्यानं उडवली आणि केसाची बटही न हलता लढाई जिंकली.

"थांबव," हवालदार म्हणाले. "मागं घे."

साक्षीनं मागं घेतलं. त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा घ्यायला लावलं. तिसऱ्यांदाही अक्षरं तीच होती. ज्योत्स्नाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. त्यांना बरोबर कळलं होतं काय झालंय ते.

"हरामखोर!" हवालदार असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा दिवा लागला. "पुंजा भित्रा? पुंजा? अरे, त्या तोफेशी एकटा माणूस काय करू शकतो ते तरी विचारायचं होतं कुणाला! नाव बदलून पुनाजी केलं की झालं? नाशिकचा म्हणून सांगता, डोंगर तोच दाखवता, आणि माणूस काल्पनिक?" सुरुवातीला बारीक अक्षरांत तसं लिहिलंच होतं, सर्व पात्रे काल्पनिक. जाहिरातीत सत्य घटना आणि आत काल्पनिक पात्रं! कुणाला जाब विचारावा, सांगा.

साक्षीनं मोबाईलवर पिक्चरखालचे प्रेक्षकांचे अभिप्राय उघडले. चारेक हजार होते. हवालदारांनी चष्मा पुसला आणि वाचायला बसले. एकानं लिहिलं होतं, चित्र झकास, आवाज जरा कमी. एकाला थेटरात जास्त मजा आली होती. एकानं गाणं कापलं म्हणून दोन तारे कमी दिले होते. एक बाई कॅप्टनच्या स्वेटरची वीण विचारत होत्या. आणि मधूनमधून दुसरी जात. 'तो पळपुटा गनर बघून रक्त खवळलं.' 'असल्यांच्या घरच्यांची पेन्शन बंद करा.' खाली कुणीतरी विचारलं होतं, हे खरंच झालं होतं का? त्याला उत्तर, 'हो, तिथल्या हवालदारानंच सांगितलंय. व्हिडिओ बघा.'

पेन्शन बंद करा! चहा पीत, पाय पसरून, अंगठ्यानं लिहिणारी ही माणसं. पंचेचाळीस किलो सोडा, यांनी कधी गॅसचं सिलिंडर तरी एकट्यानं जिन्यावरून वर नेलं असेल का?

हवालदारांनी एका बोटानं तासभर खपून आपला अभिप्राय लिहिला. 'हे खोटं आहे. तो गनर पळाला नाही. गोळे आणत होता. मी तिथं होतो.' पाठवला. दहा मिनिटांत कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. 'काका, कशाला फेकताय? खरा हवालदार काय म्हणतो ते ऐका.' आणि खाली त्यांचाच व्हिडिओ. छाती पुढं, पदकं झळकताहेत. अगदी असंच झालं होतं. एक शब्द खोटा नाही.

स्वतःच्याच तोंडानं स्वतःला खोटं पाडलेलं हवालदारांनी परत एकदा बघितलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. भागीबाईनं थेटरात हे सगळं ऐकलं होतं. तिचे कान शाबूत होते. आणि तिला पिक्चर बघायला कुणी पाठवलं होतं?

"दुखवटा," ते पुटपुटले.

सकाळी त्यांनी कपाट उघडलं, पदकांचा डबा बाजूला सारला, मशीन काढलं आणि कानात घातलं. साक्षीनं विचारलं, कशाला? "ती काय बोलेल ते मला ऐकायचंय," असं म्हणून ते एसटीत बसले. त्र्यंबकवरून हरसूल. घाटात गाडीचा आवाज मशीनमधून असा यायचा की डोकं फुटेल, पण त्यांनी ते काढलं नाही.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. भागीबाई दरवेळच्या जागी बसली होती, पुढ्यात नागलीची गोणी, पल्याडच्या टोकाला चहाची टपरी. हवालदारांना बघून तिनं मान वर केली आणि परत माप भरायला लागली.

"भाऊबीज होऊन गेली, भाऊ," ती म्हणाली.

"भागीबाई, तो पिक्चर खोटा आहे."

"खोटा?" तिच्या हातातलं माप थांबलं. "तुमीच म्हनला ना खरा हाय म्हनून? मोबाईलवर समद्या गावानं पाह्यलं. एक सबूद खोटा नाय म्हनला."

"मी पिक्चर ऐकलाच नव्हता!" हवालदार ओरडले. मशीनमध्ये स्वतःचाच आवाज घुमला तसे ते दचकले, पण थांबले नाहीत. "मला ऐकू येत नाही, भागीबाई! पंचवीस वर्षं झाली, ऐकू येत नाही मला! नुसता बघितला मी. पुंजा पळताना दिसला, मला वाटलं गोळे आणायला चाललाय!"

बाजूचा मिरचीवाला भाव करायचा थांबला. चारदोन माणसं वळली.

भागीबाई उभी राहिली. हडकुळी बाई, पन्नाशीची, डोळे कोरडे. "ऐकू येत नाय," ती म्हणाली, "तर बोलले कशाला?"

चोवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानं त्यांना असं उभं केलं नव्हतं.

"पिक्चरवाल्याला मी वळखत नाय, भाऊ. तो काय बी दाखवंल. घरी येऊन मी पोरांना म्हनले, खोटं हाय, तुमचा बाप असा नव्हता. मग पोरानं मोबाईलवर तुमचं बोलनं दावलं. तुमच्या तोंडाचं मी खरं धरलं. तुमी पंचवीस वर्स येता नि कधी सांगत नाय ते कसे मेले, तवा मला वाटलं, ह्येच लपवत होते भाऊ. माझी लाज राखत होते. सव्वीस जानेवारीला शाळेतून बोलवाया आले. दरसाल जाते. औंदा सांगितलं, ताप हाय."

एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मशीन काढून फेकून द्यावं असं हवालदारांना वाटलं. पण त्यासाठीच तर ते लावून आले होते.

"मी दाखवतो," ते म्हणाले. "कसं झालं ते दाखवतो."

"हितंच दावा," भागीबाई म्हणाली. "पिक्चर समद्यांनी पाह्यला."

हवालदारांनी आजूबाजूला बघितलं, तिच्यापासून टपरीपर्यंतची पावलं नजरेनं मोजली. "तुम्ही आहात तिथं तोफ. ती टपरी म्हणजे गोळ्यांचा खड्डा. ही गोणी किती किलोची?"

"चाळीस."

"गोळा याहून जड होता." त्यांनी गोणी कशीबशी टपरीपर्यंत नेली आणि खाली ठेवली. रिकाम्या हातांनी परत तोफेपाशी, म्हणजे भागीबाईपाशी आले. तोवर बाजार गोळा झाला होता. "गोळे संपले," ते ओरडले. "कुणी सांगितलं नाही. तो आपणहून उठला. असा!" आणि सत्तावन्न वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस टपरीकडे पळत सुटला. "पिक्चरमध्ये इथवरच आहे! पुढचं त्या भडव्यांनी दाखवलं नाही!" त्यांनी खाली वाकून गोणी खांद्यावर घेतली. दोन जण धरायला पुढं आले, त्यांच्यावर खेकसले, "हात नका लावू! त्याला कुणी लावला नव्हता!"

मग ते परत निघाले. धड पळता येत नव्हतं, पाय फाकत होते, मान एका बाजूला वाकली होती. बाजूला सरणाऱ्या माणसांमधून, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून ते आले. "एकदा आला! दोनदा आला! तीनदा!" धक्क्यानं कानातलं मशीन निसटून मातीत पडलं. त्यांना कळलं, पण थांबता कुठं येत होतं. भागीबाईपासून आठ पावलांवर ते थांबले आणि गुडघ्यांवर बसले. गोणी पुढं पडली, तिचं तोंड सुटलं आणि नागली सांडली.

"इथं," ते म्हणाले. त्यांचा श्वास पुरत नव्हता. "इथं पडला. तोंड तुमच्याकडे. तोफेकडे. गोळा खाली. तोही आम्ही उडवला. असं झालं होतं, भागीबाई. असं."

सगळा बाजार चिडीचूप झाला असावा, किंवा गलका झाला असावा. हवालदारांना ते कळायला मार्ग नव्हता. भागीबाई ती आठ पावलं चालून आली. सांडलेल्या नागलीपाशी उकिडवी बसली आणि जमिनीच्या त्या तुकड्यावर तिनं हात ठेवला. मग त्यांच्याकडे बघून तिचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले.

मान डोलवायची सवय जुनी होती. "बरोबर" हा शब्द जिभेवर आलाही होता.

"काय म्हणालात?" हवालदारांनी विचारलं. "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

भागीबाईनं त्यांच्या दंडाला धरलं, तोंड कानापाशी नेलं आणि बाजाराच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "म्हनले, फोटू भिंतीवरून काढला होता मी त्यांचा! सहा महिने पेटीत घालून ठेवला, भाऊ! तुमच्यापायी!"

ते त्यांना ऐकू आलं.